आभार कुणाचे मानायचे?

वाढत्या वयातल्या मुलाच्या पाठीचा कणा बाजूला वळू लागला, तर ते डॉक्टरच्याही आधी शिंप्याच्या लक्षात येऊ शकतं. जूनच्या तोंडावर शाळेचा गणवेश शिवायला टाकलेला असतो, माप घेताना टेप एका खांद्यावरून घसरते आणि शिंपी म्हणतो, "वहिनी, पोरीचा एक खांदा उतरता हाय बघा." आई म्हणते, दप्तर एकाच खांद्याला अडकवते ना, म्हणून. बाप म्हणतो, मोबाइल बघत वाकडी बसते. शिंपी एका बाजूला अर्धा इंच कापड जास्त धरतो, गणवेश अंगावर नीट बसतो आणि विषय संपतो. वर्षभराने कुणाच्या तरी लग्नात साडी नेसवताना काकूला पाठीवर एका बाजूचा उंचवटा लागतो. तोवर मुलगी चार बोटं उंच झालेली असते आणि कण्याचा बाकही वाढलेला असतो.

या दुखण्याला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. एक्स-रेमध्ये कणा बाजूला दहा अंशांहून अधिक कललेला दिसला की हे नाव लागतं. हा कोन मोजायची रीत न्यूयॉर्कच्या जॉन कॉब या अस्थितज्ज्ञाने 1948 मध्ये घालून दिली, म्हणून तो कॉब कोन. कणा नुसता बाजूला झुकत नाही, स्वतःभोवती पिळतोही. त्या पिळामुळे एका बाजूच्या फासळ्या मागे येतात आणि उंचवटा दिसतो. पोक काढून बसणं वेगळं आणि हे वेगळं, कारण "ताठ बस" म्हटल्याने पोक जातं, पीळ जात नाही. पौगंडावस्थेतल्या शंभर मुलांमागे दोन-तीन जणांत दहा अंशांपुढचा बाक सापडतो. त्यातल्या बहुतेकांचा तिथेच थांबतो. ज्यांचा वाढत जातो, त्यांत मुलींची संख्या मुलांच्या कितीतरी पट असते. दहापैकी आठ रुग्णांत कारण सापडत नाही. दप्तर नाही, झोपायची पद्धत नाही, गरोदरपणी आईने उचललेली घागर नाही, ग्रहणात चिरलेली भाजी तर नाहीच नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्याकडे घरात असं काही निघालं की पहिला शोध दोषीचा सुरू होतो आणि तो बहुधा आईपाशी येऊन थांबतो.

उशिरा कळण्याचं कारण साधं आहे. कणा झपाट्याने वळतो तो साधारण दहा ते पंधरा या वयात, उंची भराभर वाढताना. आणि नेमक्या याच वयात मुलं स्वतःची आंघोळ स्वतः करू लागतात. मुलगी सैल कुर्ता आणि ओढणी घेऊ लागते. दिवाळीच्या पहाटे आई पाठीला उटणं लावायची, तेही एका वर्षी बंद होतं. मग त्या पाठीकडे नजर जाईल असा माणूस घरात उरत नाही.

शाळेत तरी कुणी बघावं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा जाऊन तपासणी करतात. जन्मजात व्यंगं, कमतरता, आजार, विकासातले अडथळे अशा तीस गोष्टींची त्यांची यादी आहे. तीत वाकडा पाय आहे, निखळलेला खुबा आहे, मुडदूस आहे. किशोरवयात वळणारा कणा मात्र त्या तीसांत नाही. खरं तर त्याची तपासणी अगदी फुकटची आहे. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शल्यचिकित्सकाने 1865 मध्ये ती वर्णन केली: मुलाला पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगायचं आणि मागून पाठीकडे बघायचं. अर्धा मिनिट लागतं.

सरसकट अशी तपासणी करावी का, यावर जगात एकमत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांविषयीच्या तज्ज्ञगटाने 2018 मध्ये सांगितलं की बाजूने किंवा विरोधात ठाम शिफारस करण्याइतका पुरावा हाती नाही. त्यांची काळजी अशी की किरकोळ बाकांची मुलंही एक्स-रेच्या रांगेत लागतील. ती काळजी त्यांच्या देशात रास्त आहे. नांदेड-लातूरकडच्या कंधार, मुखेड, निलंगा, अहमदपूर या तालुक्यांतली अडचण उलटी आहे. इथे रांग वाढण्याची भीती नाही, मूल रांगेपर्यंत पोचतच नाही ही आहे. पथक शाळेत आलेलंच असतं, वजनकाटा मांडलेलाच असतो. तिथे अर्धा मिनिट आणखी घालवायला हरकत घेण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

आणि लवकर कळण्याला अर्थ आहे, कारण लवकर कळलं तर उपाय आहे. कोन वीस-पंचविसाच्या आत असेल तर दर सहा महिन्यांनी नुसतं बघत राहायचं. पंचवीस ते चाळीसच्या दरम्यान असेल आणि मूल अजून वाढत असेल, तर ब्रेस. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा विचार. ब्रेस म्हणजे काखेखालून कमरेपर्यंत बसणारं प्लास्टिकचं कवच, ते त्या मुलाच्या मापावर घडवावं लागतं. त्याचा खरंच उपयोग होतो का, हा वाद अनेक दशकं चालला. अमेरिका आणि कॅनडातल्या पंचवीस केंद्रांवरच्या अभ्यासाने 2013 मध्ये तो बऱ्याच अंशी मिटवला. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत पन्नास अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी 48 टक्क्यांचा. मुलांनी किती तास ब्रेस घातला हे विचारून ठरवलं नव्हतं, आत बसवलेल्या तापमान-नोंदकाने मोजलं होतं. दिवसाला सरासरी तेरा तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त घालणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं. हा तेरा तासांचा आकडा मुलांना सांगावा, कारण संध्याकाळी सहा ते सकाळी सात म्हणजे बरोबर तेरा तास होतात आणि त्यात शाळा येत नाही. डॉक्टरांनी अठरा सांगितले असतील तर अठराच. पण एखाद्या दिवशी शाळेत घातला नाही म्हणून सगळं पाण्यात गेलं असं समजून तो कपाटावर टाकून द्यायचं कारण नाही, एवढं तरी त्या आकड्यातून मुलांना कळतं.

तेरा तास कागदावर सोपे वाटतात. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि वीज गेली की पंखा थांबतो. ब्रेसच्या आत सुती बनियन घालावं लागतं, तेही उलटं, म्हणजे शिवण अंगाला टोचत नाही. घामाने ते भिजलं की बदलायचं, म्हणून दोरीवर कायम चार-पाच बनियनं वाळत असतात. कातडी लाल झाली म्हणून आई पावडर किंवा खोबरेल लावायला जाते, पण ब्रेसखाली ते चालत नाही, कातडी मऊ पडून सोलवटते. पाश्चात्त्य पुस्तकांत न सापडणाऱ्या अडचणी आणखी वेगळ्या आहेत. मांडी घालून जेवायला बसलं की कवचाची खालची कड जांघेत रुतते. खालच्या संडासात बसताना तर ब्रेस काढावाच लागतो. सत्यनारायणाच्या पूजेला सगळे सतरंजीवर आणि ही एकटी खुर्चीवर बसली की येणारा-जाणारा विचारतो, "काय झालं गं पोरीला?" घरोघर सोफे असणाऱ्या देशात घडवलेली ही वस्तू इथे जमिनीवर बसणाऱ्या माणसांत घालून वावरायची असते.

मुलींची वाढ साधारण दहावीपर्यंत पुरी होत आलेली असते, त्यामुळे त्यांचा ब्रेसचा काळ बहुतेक घरीच जातो. मुलांची वाढ मागून येते. म्हणून अकरावी-बारावीला लातुरात येऊन राहणाऱ्या एखाद्या मुलाच्या ट्रंकेत नीट परीक्षेच्या पुस्तकांबरोबर ब्रेसही असतो. काही ब्रेसचे पट्टे मागे असतात. पेनाने केलेल्या खुणेपर्यंत ते ताणून बांधायचे, नाहीतर कवच सैल राहून नुसतंच उकडतं. स्वतःच्या पाठीमागचे पट्टे स्वतःला नीट ओढता येत नाहीत. मग रोज रात्री खोलीतला कुणीतरी मुलगा भौतिकशास्त्राचं पुस्तक पालथं घालून उठतो, याच्या पाठीशी उभा राहतो, खुणेपर्यंत पट्टे ओढतो आणि परत गणिताला बसतो. "हुश्श, झालं का?" "अजून एक भोक." एवढंच बोलणं होतं. या प्रकरणाचा विषय तिथे, त्या दोन मुलांमध्ये आहे. म्हणून आता कृतज्ञतेकडे वळतो.

आजारी किंवा व्यंग असलेल्या मुलाला आपला समाज कृतज्ञता शिकवतो ती अशी: "देवानं हातपाय धड दिलेत, त्याचे उपकार मान. काही पोरांना तर चालताही येत नाही." हे बोलणारा वाईट नसतो, त्याला धीरच द्यायचा असतो. पण ऐकणाऱ्या मुलाला त्यातून कळतं ते एवढंच की तक्रार करायची नाही. दुसऱ्याच्या मोठ्या दुःखाकडे बघून आपल्या दुःखाचे आभार मानायचे ही रीत मला पटत नाही. ज्या मुलाला "चालता येत नाही" म्हणून उदाहरणाला धरलं, त्याने मग कुणाकडे बघायचं? आणि याचंच दुसरं टोक म्हणजे उसेन बोल्ट. त्यालाही स्कोलिओसिस आहे, हे खरं. त्याने 2009 मध्ये बर्लिनला शंभर मीटर 9.58 सेकंदांत कापले, हेही खरं. मुलाला ते एकदा सांगावं, त्याला गंमत वाटेल. रोज सांगितलं तर तोही एक धाक होऊन बसतो.

मानसशास्त्रज्ञांनी कृतज्ञतेचा अभ्यास केला आहे, तो काय सांगतो बघू. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांनी 2003 मध्ये जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांतल्या एकात मज्जा-स्नायूंचे आजार असलेली माणसं होती, त्यांत पोलिओनंतरचे त्रास भोगणारेही होते. त्यांतल्या काहींनी तीन आठवडे रोज, आभार मानावेत अशा गोष्टी लिहून काढल्या. ज्यांनी तसं लिहिलं नाही त्यांच्या तुलनेत त्यांना दिवस बरे वाटले आणि झोपही अधिक लागली. 2008 मध्ये जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांनी सहावी-सातवीच्या 221 मुलांवर असाच प्रयोग केला. त्यात एक बारीक गोष्ट पुढे आली. मुलांची एकूण कृतज्ञता वाढली ती मिळालेल्या मदतीबद्दल वाटलेल्या आभारामधून, आणि कृतज्ञ वाटणाऱ्या मुलांना शाळाही अधिक आवडत होती. म्हणजे ती भावना उगवते ती आपल्यासाठी कुणीतरी नेमकं काहीतरी केलं, या जाणिवेतून. 2021 च्या एका एकत्रित आढाव्याने हेही दाखवलं की उदासी आणि चिंता यांच्यावर अशा वह्यांचा परिणाम होतो खरा, पण लहानसाच. तेव्हा "रोज तीन आशीर्वाद लिहा" म्हणून वही विकणाऱ्यांपासून जरा सांभाळून.

हे उलटून बघा. मुलाने कृतज्ञ असावं असं वाटत असेल तर आधी त्याच्यासाठी काहीतरी झालेलं असलं पाहिजे. पट्टे ओढणारा मित्र असला पाहिजे. मागच्या बाकावर, टेकायला भिंत मिळेल अशी जागा देणारे सर असले पाहिजेत. कवायतीच्या तासाला सगळ्यांदेखत "तुला काय झालंय?" न विचारणाऱ्या बाई असल्या पाहिजेत. जिथे हे काहीच नाही तिथे आभार मागणं म्हणजे पेरल्याविना कापणी मागणं.

चिवटपणाचंही तसंच आहे. तो मुलाच्या अंगात असतो किंवा नसतो, असं आपण धरून चालतो. हवाईच्या कौआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं माग काढला. गरिबी, आजारपण, फुटलेली घरं अशा जोखमीत वाढलेल्या मुलांपैकी तिसरा हिस्सा सक्षम, मायाळू माणसं म्हणून उभा राहिला. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे त्यांना धरून असलेलं किमान एक मोठं माणूस. ते आई-बापच असेल असं नाही, आजी असे, शिक्षक असे, शेजारी असे. अ‍ॅन मास्टन यांनी 2001 मध्ये याचा अर्थ असा लावला की चिवटपणा ही काही दुर्मीळ देणगी नाही, तो रोजच्या साध्या आधारांतून तयार होतो.

लातूर-धाराशिवकरांना हे सांगायला हवाईपर्यंत जायची गरज नव्हती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दोन्ही जिल्ह्यांतली गावंच्या गावं गेली. त्या भागातली सुमारे बाराशे मुलं भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने पुण्याजवळ वाघोलीला शिकायला नेली. त्या मुलांना धीराची भाषणं बहुतेक पुरेशी मिळालीच असतील. त्यांना उभं केलं ते नेमाने वाजणाऱ्या शाळेच्या घंटेने, वेळेवरच्या ताटाने आणि रात्री दिवा मालवायला येणाऱ्या माणसांनी, असं माझं मत आहे.

स्वतःच्या कण्याशी झुंजलेल्या माणसांत जर्मनीच्या कॅथरिना श्रोथ यांचं नाव आधी घ्यायला हवं. 1894 मध्ये ड्रेस्डेनला जन्मलेल्या या मुलीला सोळाव्या वर्षी पोलादी कवचात बांधलं होतं. रबरी चेंडूला पडलेला खळगा हवा भरली की बाहेर येतो, हे बघून तिने आरशासमोर उभं राहून दबलेल्या बाजूत श्वास भरायचा सराव सुरू केला. 1921 मध्ये तिने मायसेनला इतर रुग्णांना शिकवायला घेतलं, पुढे तिची मुलगी त्या कामात आली आणि आज त्या पद्धतीचे व्यायाम जगभरचे फिजिओथेरपिस्ट शिकवतात. व्यायामाने ब्रेसला जोड मिळते, त्याची जागा भरून निघत नाही. योगासनांचंही तेच. आसनं जरूर करा, पण सहा महिन्यांचा एक्स-रे चुकवून नाही. आणि हाडवैद्याकडे जाऊन कणा "बसवून" घेऊ नका. तो निखळलेला नसतो, मग बसवणार काय?

शस्त्रक्रियेची वेळ आली की बोलणं पैशावर येतं. नांदेड जिल्ह्याच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि तिचं संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलं आहे. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं, पैसे भरल्यावर नाही. ब्रेससाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे. नांदेडकरांना हैदराबादही जवळ पडतं. मुंबईला जायचं म्हणजे दर खेपेला एक रात्र गाडीत, बापाची मजुरी बुडालेली, धाकट्याला शेजारणीकडे ठेवलेलं, दादरला उतरवून घ्यायला आलेला कुणाचा तरी मेहुणा. आभार मानायचेच झाले तर ही नावं आहेत, आणि मुलांना ती बरोबर लक्षात राहतात.

यात एक सरकारी पेच आहे. अपंगत्वाचे लाभ बहुतेक 40 टक्क्यांपासून सुरू होतात, एसटीची 75 टक्के सवलतही. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत कॉब कोन 51 ते 100 अंश असला तरी त्या कोनापोटी धरले जात होते 20 टक्के. धडाचा तोल, फुप्फुसांची क्षमता यांचं मोजमाप वेगळं जोडलं जात होतं. परिणाम असा की शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावरची मुलगी प्रमाणपत्राच्या दारात अपंग ठरेलच असं नाही, आणि लग्नाच्या बोलणीत मात्र हमखास ठरते.

त्या बोलणीसाठी एक अभ्यास हाताशी असू द्या. अमेरिकेतल्या आयोवात, कसलेही उपचार न झालेल्या 117 रुग्णांना पन्नास वर्षांनी गाठून तपासलं गेलं आणि 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुनाट पाठदुखी त्यांच्यात 61 टक्क्यांना होती, इतरांत 35 टक्क्यांना. पण दुखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी ती थोडी किंवा मध्यम असल्याचं सांगितलं. मोठ्या बाकांत दम लागण्याचं प्रमाण जास्त होतं. बाकी नोकरी, संसार, रोजची कामं चारचौघांसारखी चालू होती. खंत होती ती दिसण्याची, आणि ती म्हातारपणीही पुरती गेली नव्हती. हा शेवटचा भाग मुलांपासून लपवू नये. "तुला काही झालेलं नाही" हे त्यांना खोटं वाटतं, कारण आरसा त्यांच्याकडेही असतो.

तुमच्या घरात किंवा वर्गात दहा ते पंधरा वयाचं मूल असेल तर या आठवड्यात त्याला एकदा पुढे वाकायला सांगा. मुलीच्या बाबतीत हे आईने, मावशीने किंवा बाईंनी, दार लावून करावं. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, एक खांदा किंवा कमरेचा एक कोपरा वर वाटला, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. ते उभ्याने काढलेला पूर्ण कण्याचा एक्स-रे सांगतील. त्या एक्स-रेवर तारीख आणि कोन लिहून घ्या आणि तो जपून ठेवा, कारण सहा महिन्यांनी दुसरा काढल्यावर तुलना त्याच्याशीच करायची असते.